बसायची शिकवणी

डोंगरांनाही अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हिमनदीच्या काठी एक म्हातारी याकमावशी प्राण्यांना बर्फावरून चालायला शिकवायची, तीही हौसेने, फुकटात. सगळ्यांच्या कमरेला एकच दोर बांधायचा आणि पुढचा भेगेत पडला की मागच्यांनी मटकन खाली बसायचं. महिनाभर एवढाच सराव चालला होता.

डोंगरी बोकड वैतागला. "मावशी, बसायला काय शिकायचं? हे अस्वल तर जन्मल्यापासून बसलेलंच आहे! मी कड्यावरून उड्या मारणारा."

"मग आज तूच पुढे हो," मावशी म्हणाली.

बोकड ऐटीत निघाला. दहाव्या पावलाला बर्फ खचला आणि तो भेगेत गेला. मागे मावशी, कोल्हा आणि अस्वल मटकन बसले. दोर ताणला गेला आणि बोकड मधेच लोंबकळू लागला.

अस्वलाला राहवेना. "मी जरा उठून बघून येऊ का, त्याला कितपत लागलंय ते?"

भेगेतून किंकाळी आली, "अस्वलभाऊ, पाया पडतो, उठू नका! तुमच्यासारखं बसणं कुणालाच जमत नाही!"