घाटाच्या बारा पायऱ्या

नदीकाठच्या एका गावी विसोबा नावाचे वैद्य राहत. तिथल्या साळ्यांच्या एका कुळात पिढ्यान्‌पिढ्या एक वाईट दुखणं चालत आलं होतं. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्या पायांतलं बळ ओसरू लागे, आणि मिसरूड फुटायच्या आत ते अंथरुणाला खिळे. विसोबांनी जिवाचं रान केलं. काढा देऊन पाहिला, औषधी तेल चोळून पाहिलं. एकट्याने कशाचाच गुण येईना. शेवटी त्यांनी दोन्ही एकदम सुरू केलं.

किती गुण आला ते पाहायला दर पौर्णिमेला विसोबा नदीच्या घाटाच्या माथ्यावर उभे राहून हाका मारत, "या रे बाळांनो, या वर!" त्या कुळातला दहा वर्षांचा तुळाजी आधी जेमतेम बारा पायऱ्या चढे. तीन महिन्यांत अठरा चढला! बाकीची पोरंही तशीच. गाव हरखून गेलं. पाटलांनी विसोबांना शाल द्यायचं ठरवलं आणि पंचक्रोशीत दवंडी पिटली.

शाल द्यायच्या दिवशी सकाळीच तुळाजीची आई सगुणा विसोबांच्या दारात आली. "वैद्यबुवा, रागावू नका. पोरगं चढतं खरं, पण मग चार-चार दिवस उठत नाही."

विसोबा तसेच तिच्या घरी धावले. "अरे बाळा, दमलास तर थांबायचं नाही का?"

तुळाजी मान खाली घालून म्हणाला, "आम्ही थांबलो की तुमचं तोंड उतरतं, आजोबा."

विसोबांना सगळं उमगलं. औषधाचा गुण म्हणून जे मिरवलं, ती पोरांची माया होती. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण उद्या गावोगावची दुबळी पोरं याच भरवशावर येणार होती.

भर सभेत त्यांनी शाल परत केली. "औषध लागू पडलं की नाही, मला ठाऊक नाही. मी परीक्षाच चुकीची घेतली."

पाटील चिडले. "बुवा, लोकांची आशा का मोडता?"

"पाटील, पोरांच्या जिवावर बेतलंय. खोटं कसं सांगू?"

मग घरोघरी आईबापांना विचारून त्यांनी नव्याने सुरुवात केली. काढा सगळ्यांना दिला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषधी तेल दिलं, निम्म्यांना नुसतं तिळाचं. कुणाला कोणतं, हे फक्त विसोबांना माहीत. आणि घाटावर ते फिरकलेच नाहीत. पायऱ्या मोजायला चंद्रा कुंभारीण बसे. "दमलात की बसा रे," एवढंच ती म्हणे. सुरुवातीला दोन्हीकडची पोरं सरासरी बारा पायऱ्या चढली.

वर्ष सरलं. साध्या तेलाची पोरं नवावर आली होती. औषधी तेलाची बारावरच होती. वाढ एका पायरीचीही नव्हती. पण त्या कुळात आजवर कुणाचंच बळ वर्षभर टिकलं नव्हतं. विसोबा सगुणेच्या ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून उठले आणि त्याच दिवशी सगळ्या पोरांना दोन्ही औषधं सुरू केली.

तात्पर्य: आपल्याला हवं तेच दिसतंय असं वाटलं, तर आधी आपलीच परीक्षा घ्यावी. खरा गुण थोडा असला तरी रोग्याच्या कामी येतो. खोटा गुण कितीही मोठा असला तरी त्याचा भार रोग्यालाच वाहावा लागतो.