लेकरू पुरून आल्यावर

“...मग तेव्हा देव कुठे होता?”

चर्चचे पाळक तीतस आढाव अनाथाश्रमाच्या ओट्यावर बसले होते. ते वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिले.

नथनेल अंगणात येरझाऱ्या घालत होता. हाताला कबरीची माती तशीच होती. दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणायला त्याने नकार दिला होता. ती म्हाताऱ्या पाळकांनीच म्हटली.

धर्मशिक्षणात नथनेल पहिला आलेला. पाळकपदाच्या दीक्षेआधी काही दिवस सेवा करावी म्हणून त्याला इथे पाठवलं होतं. आल्या आल्या त्याने विचारलं होतं, “लेकरं सांभाळायला बायका आहेत ना?”

पाळकांनी फाटकाशी सापडलेली मुलगी त्याच्या हातात ठेवली होती. ओंजळीएवढी. दूध ओढायचीही ताकद नव्हती तिच्यात. कापसाच्या बोळ्याने तो थेंब थेंब पाजायचा.

आज पहाटे त्याच्या मांडीवरच ती गेली.

“देव दुबळ्यांना पोटाशी धरतो, असं मी भरल्या चर्चमध्ये सांगितलं,” नथनेल म्हणाला. “लोक रडले होते.”

“तू रडला होतास?”

“...नाही.”

“आणि आज?”

नथनेलने तोंड फिरवलं.

तो म्हणाला, “रविवारी मी दीक्षा घेणार नाही.”

“बरं.”

“तुम्ही अडवणारसुद्धा नाही?”

“सकाळपासून उपाशी आहेस. जेवून जा.”

“मला जेवण नको, बाबा. मला उत्तर हवंय. तिने कुणाचं काय वाईट केलं होतं? आईबापांनी टाकली, डॉक्टरांनी आशा सोडली. निदान त्याने तरी...” त्याचा आवाज चिरकला. “तिच्या वतीने त्याला जाब विचारायला कोणी नको?”

“हवं.”

“मग मी विचारणार. मरेपर्यंत विचारणार.”

तेवढ्यात आत एक लेकरू रडू लागलं. नथनेल गर्रकन वळून दाराकडे धावला आणि उंबऱ्यापाशीच थबकला. हा आवाज तिचा नव्हता...

पण रडणं थांबेना. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा खांद्यावर एक पोर होतं. त्याला थोपटत तो पुन्हा फेऱ्या मारू लागला. डोळ्यांतला संताप तसाच होता.

पाळक उठले. हातातलं दुपटं त्यांनी पोराच्या पाठीवर पांघरलं.

“नथनेल, ती कुणालाच नको होती. आज तिच्यासाठी तू देवाशी भांडतोयस.”

“हो. भांडतोय.”

“देव कुठे होता, विचारलंस ना? हा राग तुझा एकट्याचाच आहे, असं वाटतं तुला?”