करंज्यांचं ताट

जालन्याच्या सलोमीला आपल्या मोठ्या जावेचा, मार्थाबाईंचा, फार हेवा वाटे. मार्थाबाई चर्चच्या रविवारच्या शाळेत मुख्य शिक्षिका होत्या. त्यांचा मुलगा एनॉस उपासनेत तासभर ढिम्म हलत नसे, आणि सगळे त्याचं कौतुक करत. सलोमीची मुलगी रूथ मात्र पाच मिनिटांत चुळबुळ करू लागे. एनॉसचं कौतुक ऐकलं की सलोमीच्या पोटात दुखे.

नाताळच्या दिवशी मार्थाबाईंकडे चर्चचे पाळकसाहेब आले. सलोमीही रूथला घेऊन तिथे आली होती. मार्थाबाईंनी करंज्यांचं ताट दोन्ही मुलांसमोर ठेवलं आणि बजावलं, "साहेबांचं शास्त्रवाचन संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आत्मसंयम कुणाच्या घरी शिकवतात, ते आज दिसेल."

वाचन लांबलं. मध्येच मार्थाबाई म्हणाल्या, "साहेब, जरा थांबा. रूथचा हात तीनदा ताटाकडे गेला. माझा एनॉस बघा, हललासुद्धा नाही."

रूथ रडवेली झाली. सलोमीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती शांतपणे म्हणाली, "खरं आहे, जाऊबाई. तीनदा गेला आणि तीनदा रिकामाच परत आला. एनॉसचं मनगट तर तुम्ही मघापासून धरून बसला आहात. रूथचा हात मागे कुणी ओढला?"

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून मार्थाबाईंच्या मुठीकडे पाहिलं. ओशाळून मार्थाबाईंनी मूठ सोडली. त्याबरोबर एनॉसने दोन करंज्या उचलल्या.

सलोमीने रूथला जवळ ओढलं. जावेच्या मुलाकडे बघत राहण्यात आपण आपल्या मुलीकडे नीट पाहिलंच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.