पाव्याचं लाकूड

माणसांना झाडांची भाषा कळायची, तेव्हाची गोष्ट. एका गुराख्यानं जत्रेतून काळा रंगवलेला लाकडी पावा आणला. "हा ज्या झाडाचा, त्याच्याच सावलीत रोज वाजवीन," तो म्हणाला.

"माझाच," साग म्हणाला.

"काळा रंग दिसत नाही का? माझा," शिसव म्हणाला.

काटेरी खैर पुटपुटला, "मला माझा वाटतोय."

दोघं हसले. "तुला शिजवून विड्यासाठी कात काढतात, बाबा. तू कसला गातोस?"

सुतारपक्ष्यानं रंग खरवडला, आतलं लाकूड चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "तुरट. नुसता कात."

गुराखी सागाच्या दाट सावलीतून उठला आणि खैराच्या विरळ सावलीत जाऊन बसला. पावा वाजू लागला. खैर काट्यांसकट डोलला.