महिना वीस हजार

माझं शिलाई मशीन माहेरी परत पाठवायचं, असं भाऊसाहेबांनी ठरवलं तेव्हा आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. भाऊसाहेब म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांनी एकदा ठरवलं की घरात दुसरं कुणी काही ठरवत नाही.

माझा गुन्हा एवढाच, की मी ह्यांना म्हटलं होतं, "आपल्याला दोन खोल्यांचं घर हवं, आणि माझ्या आईला दरवर्षी महिनाभर राहायला आणायचंय. त्याला महिना वीस हजार जास्तीचे लागतील. तेवढे मी शिवणातून मिळवणार." घराच्या भिंती पातळ. बोलणं पलीकडे पोचलं.

सकाळी सगळे चहाला जमल्यावर भाऊसाहेब गरजले, "सूनबाई, आधी कमाई बघावी, मग हौस ठरवावी! हातात दमडी नाही आणि आकडा वीस हजारांचा? ते मशीनच डोक्यात असली स्वप्नं भरवतंय, ते माहेरी परत धाडा!"

मी हळूच विचारलं, "परवा जत्रेचं गावजेवण तुम्हीच घातलंत ना? आधी भात शिजवलात आणि तो पुरेल तेवढीच माणसं बोलावलीत का?"

"वेडी की काय! आधी माणसं मोजली, मग तांदूळ काढले."

"मीही माणसं मोजली आहेत. आता तांदूळ मिळवायचेत."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पण भाऊसाहेब सहज हरणारे नव्हते. "आणि कमी पडले तर?"

"तुमच्या पंगतीत भात कमी पडला तर काय करता?"

"दुसरं पातेलं चढवतो! बसलेल्या माणसाला पानावरून उठवत नाही कुणी!"

"मग मशीन इथंच असू दे," मी म्हटलं. "दुसरं पातेलं त्याच्यावरच चढणार आहे."