बाळाच्या जागी

एकदा एका पाठशाळेतल्या तरुण शिष्याच्या घरी पाळणा हलणार अशी वार्ता आली आणि त्या दिवसापासून त्याचे चित्त पोथीत ठरेना. शिष्याचे नाव दामोदर. त्याची पत्नी वेणू लहानपणीच पोरकी झालेली. माहेर म्हणावे असे घर तिला उरले नव्हते. त्यामुळे पहिले बाळंतपण सासरीच व्हायचे होते. तिला कशाची म्हणून उणीव भासू द्यायची नाही, असा दामोदराने पणच केला होता.

पेठेतल्या व्यापाऱ्याला असे गिऱ्हाईक म्हणजे पर्वणीच. "पंडितजी, पहिलं मूल आयुष्यात एकदाच होतं," तो म्हणे आणि एकेक वस्तू पुढे सरकवी. लालपिवळ्या लखलखीत रंगाचा पाळणा आला. त्याच रंगाचे खुळखुळे आले. खळ घातलेली कडक, चकचकीत दुपटी आली. उग्र सुवासाचा धूप आला. बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतींना हिरवेगार रोगण लागले आणि वारे लागू नये म्हणून दामोदराच्या आईने खिडक्या घट्ट लावून घेतल्या. खोली अशी सजली की आळीतल्या बायका मुद्दाम पाहायला येत.

वेणूला आठवा लागला होता. ती एकदा हळूच म्हणाली, "अहो, त्या खोलीत गेलं की माझं डोकं भणभणतं."

"पहिलटकरणीला असं व्हायचंच," सासूबाईंनीच उत्तर दिले. "मला तर अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता."

दामोदरालाही ते पटले. वेणू मग त्या खोलीत जाणे टाळू लागली. निवडण-टिपण घेऊन ती दिवसभर पडवीत बसू लागली. तिचा चेहरा उतरत चालला होता, पण घरात सगळे कौतुकात दंग होते. एके सकाळी दुपट्यांच्या घड्या घालायला ती खोलीत गेली आणि भिंत धरत धरत बाहेर आली. ओठ पांढरे पडलेले. उंबऱ्याशीच ती मटकन खाली बसली. दामोदराने आईला तिच्याजवळ बसवले. तो तसाच अनवाणी पाठशाळेकडे धावला.

वृद्ध गुरुजींना नाडीपरीक्षा येत असे. ते आले. वेणूला पडवीत वाऱ्याला निजवायला सांगून त्यांनी नाडी पाहिली, दोन घोट पाणी पाजले. बराच वेळ ते तिच्याशी हलक्या आवाजात काही बोलत राहिले. तिला जरा हुशारी आली, तसे ते उठून त्या सजवलेल्या खोलीत गेले आणि दारातूनच त्यांनी हाक मारली.

"दामोदरा, पाळण्यातले अंथरूण काढ आणि जमिनीवर पसर. उपरणे उतरव आणि त्यावर उताणा नीज."

"मी, गुरुजी?"

"तूच. आता तू तान्हे मूल आहेस. उठायचे नाही, बोलायचे नाही. हाताला लागेल ते तोंडात घालायचे. तान्ह्याला दुसरे शास्त्र ठाऊक नसते."

आईला राहवेना. "गुरुजी, सून तिकडे घेरी येऊन पडलीय आणि तुम्ही ह्याला निजवताय?"

"औषधच देतो आहे, बाई," गुरुजी म्हणाले. त्यांनी धूप पेटवला, बाहेर येऊन दार ओढून घेतले आणि उंबऱ्याशी बसून राहिले.

पहिल्यांदा दामोदराला हसू आले. मग हळूहळू हसू मावळले. रोगणाचा वास उभ्या माणसाला जाणवत नव्हता असे नाही. पण निजल्यावर तो नाकाशी येऊन बसला. धुराने डोळे चुरचुरू लागले. कडक दुपट्याची खळ उघड्या पाठीला टोचू लागली. खाजवावे म्हटले तर तान्ह्याला खाजवता कुठे येते? त्याने मान वळवली. जिकडे वळवावी तिकडे हिरवी भिंत. कपाळात ठणका सुरू झाला आणि मग त्याला आठवले, की असाच ठणका कुणीतरी आपल्याला सांगितला होता.

बऱ्याच वेळाने गुरुजी आत आले आणि त्यांनी खुळखुळा त्याच्या हातात दिला. आज्ञेप्रमाणे दामोदराने तो तोंडाकडे नेला. ओठांना लागणार, तोच गुरुजींनी झटकन त्याचे मनगट धरले.

"हात बघ."

घामेजल्या तळव्याला तांबडा रंग लागला होता.

"हा लाल हिंगूळ आहे आणि तो पिवळा हरताळ," गुरुजी म्हणाले. "दोन्ही विषेच. तुला थांबवायला मी होतो. त्याला कोण थांबवणार?"

दामोदर उठून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते धुराचे की कशाचे, त्यालाही सांगता आले नसते.

गुरुजी त्याच्या शेजारी टेकले. "बाळा, तू मुलासाठी सगळे काही घेतलेस, त्याची जागा मात्र एकदाही घेऊन पाहिली नाहीस. दारात उभे राहून पाहणाऱ्याला ही खोली सुंदर दिसते. पण मूल दारात उभे राहत नाही. ते जमिनीलगत श्वास घेते, कातडीने जग ओळखते, जिभेने त्याची परीक्षा करते. आणि आज ते जिच्या श्वासाने जगते आहे, तिने तुला सांगितले होते. सध्या त्याला तेवढीच एक वाचा आहे."

दामोदर धावत पडवीत गेला. वेणूपुढे बसला. ती म्हणाली, "खिडक्या उघडा आधी."

खिडक्या उघडल्या. वेणूचे अंथरूण खुल्या पडवीत हलवले. खोलीतले रोगण ओल्या फडक्याने भिजवून दामोदराने आणि त्याच्या सहाध्यायांनी खरवडून काढले आणि भिंतींना साध्या मातीचा हात दिला. पाळण्याचा रंगही उतरवला. आतून शिसवीचे देखणे लाकूड निघाले. रंगाचे पोपडे टोपलीत भरून दामोदर ओढ्याकडे निघाला, तेव्हा वाटेत गुरुजी उभे होते.

"कुठे?"

"ओढ्यात सोडून येतो, गुरुजी. विष घरात कशाला?"

"खालच्या वाडीत बाळे नाहीत का?"

दामोदर तिथेच थबकला. मग त्याने वाट बदलली आणि टोपली थेट व्यापाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "शेटजी, तुमचा रंग. तुमच्या रंगाऱ्याकडे बंद भांड्यात ठेवायला सांगा, पाण्यात जाऊ देऊ नका."

व्यापारी खो खो हसला. "पंडितजी, उघड्या लाकडाच्या पाळण्यात मूल घालणार? लोक तुम्हाला दरिद्री म्हणतील!"

"म्हणू देत," दामोदर म्हणाला. आपण हे इतक्या सहज म्हणू शकलो, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

खरी झुंज घरातच होती. कडक दुपट्यांऐवजी जुन्या सुती लुगड्यांची दुपटी करायची, असे वेणूने म्हणताच सासूबाई उसळल्या. "माझ्या नातवंडाला जुनेरं? माहेर नाही म्हणून सुनेची हौस केली नाही, असं गाव म्हणेल मला!"

वेणूने वाद घातला नाही. तिने एक कडक दुपटे आणि एक धुवून धुवून विरलेले लुगडे सासूबाईंच्या हाती दिले. "आई, गालाला लावून बघा ना."

सासूबाईंनी एक लावून पाहिले, मग दुसरे. दोन्ही बाजूला ठेवून त्या कामाला लागल्या. पण दुपारी त्या शेजारणींच्या दारोदार हिंडताना दिसल्या. परतल्या तेव्हा काखेत मऊ लुगड्यांचे गाठोडे होते, आणि मागून दोन शेजारणी सुया घेऊन आल्या होत्या. रिठ्याच्या पाण्यात कपडे उकळले, कडक उन्हात वाळवले. धुण्याचे पाणी परसातल्या केळींना घातले. मोकळ्या हवेत वेणूचा ठणका थांबला, तिला भूक लागू लागली, तोंडावर तेज आले. यथाकाळी ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तिचा पहिला टाहो आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेला आणि दामोदराने आनंदाने पाठशाळेची घंटा अशी बडवली की गुरुजींनाच येऊन त्याचा हात धरावा लागला!

बारशाला अंगण भरले. एक पाहुणी पाळण्यात डोकावून म्हणाली, "अगबाई, लेकराला जुनी फडकी?"

दामोदराची आई पदर खोचून पुढे आली. "फडकी नव्हेत हो. सगळ्या आळीने वर्षानुवर्षं धुवून माझ्या नातीसाठी मऊ करून ठेवलेलं हे कापड आहे. पेठेत मागून बघा, मिळतं का!"

अंगणात हशा पिकला. वेणूने तर हसत हसत सासूचा हातच धरला.

एवढ्यात दाराशी उभी गर्दी बाजूला झाली. व्यापारी आला होता आणि त्याच्यामागे त्याची गरोदर लेक होती. तो आज हसत नव्हता. त्याने गुरुजींपुढे हात जोडले. "महाराज, माहेरपणाला आणली हिला. मीच हौसेने खोली रंगवली. आत पाऊल टाकलं की हिला गरगरतं. काय करावं?"

सर्वांच्या नजरा गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी पाळण्याकडे बोट दाखवले. "मी नाडी पाहणारा म्हातारा. या बाळाच्या आईला विचारा. माझ्याआधी तिनेच ओळखले होते."

एरवी चारचौघांत मान वर न करणारी वेणू मुलीला छातीशी धरून उभी राहिली. "शेटजी, आधी खिडक्या उघडा. ज्याचा रंग हाताला लागतो, ते खोलीत ठेवू नका. अंगाला मऊ तेच घ्या. आणि धुऊन काढाल ते ओढ्यात सोडू नका. खालीसुद्धा कुणाचं तरी बाळ ते पाणी पितं." मग ती त्या लेकीकडे वळली. "आणि ताई, तुम्हाला गरगरतं ना, ते खरं आहे. कुणी काही म्हणो."

त्या मुलीचे डोळे भरून आले. भर अंगणात व्यापाऱ्याने मान लववली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कारखान्यात पाळण्यांना रंग चढणे बंद झाले. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाऱ्याचे रंगीत पाणी सोडणारे पाट होते. तेही त्याने स्वतः उभे राहून बुजवले. पुढे खालच्या वाडीतल्या बाया बाळांची धुणी घेऊन पाण्यावर आल्या की त्यांना तळचे गोटे स्पष्ट दिसत.

अंगण रिकामे झाल्यावर दामोदर गुरुजींच्या पायाशी बसला. "गुरुजी, मी पेठेत विचारलं, तुमच्याकडे धावलो. घरात मात्र विचारलं नाही."

गुरुजींनी घराच्या दाराकडे पाहिले. आत वेणू गात होती. दामोदर उठला आणि तिला काही हवे का, ते विचारायला गेला.

येणाऱ्या जिवासाठी काय आणावे हे ठरवण्याआधी, तो जिथे श्वास घेणार आहे तिथे घटकाभर निजून पाहावे.