पास झालेला एकच चार्जर

सकाळी अकरा वाजता अंबडच्या उद्योजक संघटनेची बैठक सुरू झाली. स्वतंत्र चाचणी प्रयोगशाळांना असलेला संघटनेचा पाठिंबा काढून घ्यायचा, असं अध्यक्ष पारसनीसांच्या मनात होतं. तो गेला तर केळुसकरबाईंची प्रयोगशाळा बंद पडणार होती.

चार्जरचे कारखानदार असलेले पारसनीस गरजले, “आम्ही पाठवलेला नमुना पास झाला ना? मग दुकानातला आणून नापास करायचा आगाऊपणा कशाला?”

“चुकलंच साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पास झालेला माझ्याकडेच आहे. प्रमाणपत्र त्याला देते. तेवढा एकच विका.”

सभागृह हसलं. पाठिंबा कायम राहिला.

तापून वितळणारे ते चार्जर मात्र आजही दुकानांत आहेत. ते परत कधी घेणार, हे पारसनीसांनी अजून सांगितलेलं नाही.